बाटलीची मागची बाजू



मार्च उजाडला की आपल्या वसतिगृहाच्या दारात खोकी येऊ लागतात. कोणी मुलाच्या वाढदिवसानिमित्त थंड पेयांच्या बाटल्या देतं, कोणी आईवडिलांच्या स्मरणार्थ सरबताची पेटी पाठवतं, कोणी दुधात घालायच्या पावडरीचे डबे आणून देतं. वर्ध्याचा उन्हाळा आपणा सर्वांना ठाऊक आहे. पारा पंचेचाळिसाच्या घरात गेला की मुलांच्या हातात गार पेला दिसावा असं कुणालाही वाटतं. त्यामागचं प्रेम आम्हाला कळतं, आणि म्हणूनच हा लेख लिहिताना थोडा संकोच वाटतो. पण गेल्या उन्हाळ्यात एका मुलीमुळे मला बाटलीची मागची बाजू वाचायला शिकावं लागलं. जे शिकले ते आपल्यापर्यंत पोचवणं मला भाग आहे, कारण त्यात चूक आमचीही होती.

ही मुलगी आर्वी तालुक्यातल्या एका गोंड वस्तीतली, सहावीत शिकणारी. तिला लहानपणापासून दमा आहे. डॉक्टरांनी दिलेला पंप ती नियमित घेते आणि एरवी कबड्डीत सगळ्यांच्या पुढे असते. मार्चमध्ये मात्र तिला महिन्याभरात तीनदा धाप लागली. भर दुपारी हसतखेळत असलेली मुलगी अचानक छातीला हात लावून बसायची, श्वास घरघरायचा. आम्ही आधी कापसाच्या धुळीला दोष दिला, मग चुलीच्या धुराला, मग वावरात जाळलेल्या पऱ्हाट्यांना. तिची आई भेटायला आली तेव्हा तिनं मला सरळच विचारलं, "ताई, गावी तं माह्या पोरीले असं होत नाही जी. थे तिथं हिरीचं पाणी पेते, आंबील पेते. तुमच्या इथं तिले काय पाजता?"

मी हसून वेळ मारून नेली. पण चार दिवसांनी बालरोगतज्ज्ञांनीही तोच प्रश्न विचारला: "ज्या ज्या दिवशी धाप लागली, त्या दिवशी तिनं काय खाल्लं, काय प्यायलं, हे लिहून ठेवलंय का?" आम्ही काहीच लिहिलं नव्हतं.

वगळून पाहण्याचा आहार म्हणजे काय

एखादा पदार्थ सोसत नाही असा संशय आला की डॉक्टर कधी कधी तो काही दिवस आहारातून पूर्ण काढायला सांगतात. त्रास थांबतो का ते पाहायचं. थांबला तर पदार्थ एकेक करून परत आणायचे आणि कोणता आणल्यावर त्रास उलटतो ते टिपायचं. यालाच वगळून पाहण्याचा आहार म्हणतात. अमेरिकेतल्या ऑकलंडचे डॉ. अल्बर्ट रो यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ही पद्धत नीट बसवली आणि १९४१ मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. नेदरलँड्समधले बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांची गोष्ट तर विलक्षण आहे. सतत जुलाब होऊन खंगत जाणाऱ्या काही मुलांना गहू सोसत नाही, असा त्यांना आधीपासून संशय होता. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी, १९४४-४५ च्या हिवाळ्यात, तिथं दुष्काळ पडला आणि पाव मिळेनासा झाला. सारा देश उपाशी असताना ही आजारी मुलं मात्र सुधारली, आणि पाव परत आल्यावर पुन्हा बिघडली. डिके यांनी १९५० मध्ये आपला प्रबंध मांडला. त्या आजाराला आज सिलियाक म्हणतात आणि त्यावरचा उपाय एकच आहे: गहू, जव यांसारख्या धान्यांतलं ग्लूटेन कायमचं बंद.

यात तीन गोष्टींची गल्लत होते, म्हणून त्या वेगळ्या सांगते. ॲलर्जीत शरीराची संरक्षणयंत्रणा एखाद्या पदार्थाला शत्रू समजते. तिथं थेंबभर दूध किंवा शेंगदाण्याचा कणही पुरतो, आणि अंगावर पित्त उठणं, ओठ सुजणं, श्वास अडकणं हे बहुधा काही मिनिटांत ते दोनेक तासांत होतं. न पचणं ही दुसरी गोष्ट. दुधातली साखर पचवण्याची ताकद आपल्याकडच्या पुष्कळ माणसांत बालपणानंतर कमी होते. त्यांना कपभर दुधानं पोट फुगतं, पण चहातल्या दोन चमच्यांनी काही होत नाही. म्हणजे तिथं प्रमाण महत्त्वाचं. तिसरी गोष्ट म्हणजे पदार्थ टिकवण्यासाठी किंवा रंगवण्यासाठी घातलेल्या द्रव्यांचा त्रास. तो थोड्यांनाच होतो, पण ज्यांना होतो त्यांना खरोखर होतो.

आता सर्वांत महत्त्वाची सूचना. वगळून पाहण्याचा आहार कुणीही मनानं सुरू करू नये, आणि आपल्या मुलांच्या बाबतीत तर मुळीच नाही. शहरातल्या घरात दूध काढलं तर पनीर काढावं लागतं, पण त्याच्या जागी दहा जिन्नस असतात. आपल्या मुलांच्या ताटात मुळात चार-पाचच जिन्नस: भात, पोळी किंवा भाकरी, वरण, भाजी, कधी अंडं, कधी शेंगदाण्याची चटणी. त्यातून संशयावर अंडं काढलं, दूध काढलं, दाणे काढले, तर आजाराआधी उपासमारच मुलाला गाठेल. म्हणून डॉक्टरांनी आमच्या मुलीच्या ताटाला हात लावला नाही. त्यांनी दोन आठवड्यांसाठी फक्त बाटलीतली, पाकिटातली आणि पावडरीची पेयं बंद केली. पंप चालू ठेवायचा, वजन दर आठवड्याला घ्यायचं आणि वहीत सगळं लिहायचं, एवढंच सांगितलं. "गरिबाच्या पोराच्या ताटातून काढायच्या आधी त्याच्या पेल्यातून काढा," हे त्यांचं वाक्य मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं.

मागची बाजू कशी वाचायची

त्या संध्याकाळी मी कोठीतली प्रत्येक बाटली टेबलावर मांडली आणि उलटी फिरवली. मी थिऑलॉजीचा डिप्लोमा केला तेव्हा ग्रीक अक्षरं शिकले होते. बाटलीवरची अक्षरं त्याहून अवघड निघाली, कारण ती मुंगीएवढी होती. मोबाइलनं फोटो काढून तो मोठा करून पाहिला की वाचता येतात, ही युक्ती आठवीतल्या एका मुलीनं सुचवली.

समोरच्या बाजूला चित्र असतं: रसाळ आंबा, फोडलेलं संत्रं, हसणारं मूल. ती जाहिरात आहे. माहिती मागे असते. कायद्यानं ती इंग्रजीत किंवा हिंदीत द्यावी लागते, म्हणजे घरी गोंडी बोलणाऱ्या आणि जेमतेम मराठी वाचणाऱ्या आईला तिचा उपयोग शून्य. तिच्यासाठी ते वाचणं हे आपलंच काम आहे.

मागे 'इन्ग्रेडियंट्स' अशा शब्दाखाली घटकांची यादी असते. यादीतला क्रम वजनाप्रमाणे उतरता असतो: जे सर्वांत जास्त ते पहिलं. 'पाणी, साखर, आंब्याचा गर' असा क्रम असेल तर आपण मुख्यतः साखरपाणी विकत घेत आहोत हे उघड आहे. त्याच्या जवळपास 'कंटेन्स' किंवा 'ॲलर्जन' असं ठळक वाक्य असतं. भारताच्या अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या २०२० च्या लेबलविषयक नियमांप्रमाणे ग्लूटेन असलेली धान्यं, दूध, अंडी, मासे, कोळंबी-खेकड्यांच्या जातीचे जलचर, शेंगदाणे, काजू-बदामासारखी कवचाची फळं, सोयाबीन आणि एका किलोमागे १० मिलिग्रॅम किंवा जास्त सल्फाइट, यांपैकी काही असेल तर ते सांगणं बंधनकारक आहे. 'मे कंटेन' असं लिहिलेलं असेल तर त्याचा अर्थ वेगळा: तो पदार्थ मुद्दाम घातलेला नाही, पण त्याच कारखान्यात हाताळला जात असल्यानं त्याचा अंश येऊ शकतो. खरी ॲलर्जी असलेल्यानं तीही बाटली बाजूला ठेवावी.

एक भ्रम इथंच दूर करते. चौकोनातला हिरवा ठिपका म्हणजे शाकाहारी, एवढंच. दूध शाकाहारी धरलं जातं, त्यामुळे हिरवा ठिपका पाहून 'यात दूध नाही' असं कधीही समजू नये. 'मिल्क सॉलिड्स', 'व्हे', 'केसिनेट' हे शब्द म्हणजे दूधच.

मग येतात आकडे. घटकद्रव्यांना जगभर चालणारे क्रमांक दिलेले आहेत आणि लेबलवर ते इंग्रजी अंकांत असतात. आकडा दिसला म्हणजे विष आहे असं नाही. ३३० म्हणजे लिंबात असतं तेच सायट्रिक ॲसिड, ३०० म्हणजे क जीवनसत्त्व, २९० म्हणजे सोड्यातला वायू, ४४० म्हणजे फळांत असणारं पेक्टिन. ज्यांच्याकडे लक्ष द्यायचं ते थोडेच आहेत, आणि ते मी शेवटी एका जागी दिले आहेत.

कोणत्या पेयात काय शोधायचं

दुधात घालायच्या माल्टच्या पावडरी. 'माल्ट' हा शब्द साधा दिसतो, पण तो बहुधा मोड आणून वाळवलेल्या जवाचा असतो, आणि बरोबर अनेकदा गहू व दुधाची पावडरही असते. सिलियाक असलेल्या मुलाची आई गव्हाची पोळी कटाक्षानं टाळते आणि ताकद यावी म्हणून हीच पावडर दुधात घालते, असं होऊ शकतं. अशा पावडरींना 'हेल्थ ड्रिंक' म्हणायला आपल्या अन्न कायद्यात तशी व्याख्याच नाही. एप्रिल २०२४ मध्ये केंद्र सरकारनं ऑनलाइन विक्रेत्यांना त्या सदरातून अशी पेयं काढायला सांगितलं, ते याचमुळे.

मसाला ताक. ताक आपल्या घरचं, त्यात काय लपणार? पण त्यात हिंग असतो, आणि बाजारातला बांधानी हिंग बरेचदा गव्हाच्या पिठात किंवा मैद्यात मिसळलेला असतो. बहुतेकांना त्यानं काही होत नाही. ज्याला गहू पूर्ण बंद आहे त्यानं मात्र पाकीट वाचावं, आणि घरच्या हिंगाची डबीसुद्धा.

साखर नसलेली पेयं. गोडीसाठी सॉर्बिटॉल किंवा माल्टिटॉल असेल तर जास्त प्रमाणात जुलाब होतात. ॲस्पार्टेम हे फिनाइलकीटोन्युरिया या जन्मजात आजाराच्या मुलांना चालत नाही, आणि तशी सूचना लेबलवर असते. सफरचंदाच्या रसात सॉर्बिटॉल निसर्गतःच असतं. लहान मुलाला तो रोज भरपूर पाजला तर पोट बिघडण्याचं कारण तोच रस असू शकतो.

काळी थंड पेयं आणि एनर्जी ड्रिंक. यांत कॅफिन असतं आणि तसं लिहिलेलंही असतं. रात्री झोप न येणं, छाती धडधडणं हा 'सोसत नाही' असा प्रकार नसून कॅफिनचा सरळ परिणाम असू शकतो.

रंगीत सरबतं आणि शीतपेयं. २००७ मध्ये इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी काही कृत्रिम रंग आणि सोडियम बेंझोएट यांचं मिश्रण मुलांना देऊन पाहिलं. काही मुलांची चळवळ वाढल्याचं त्यांना आढळलं. परिणाम मोठा नव्हता आणि सर्व मुलांत सारखाही नव्हता, तरी जुलै २०१० पासून युरोपीय संघात त्या सहा रंगांच्या पदार्थांवर इशारा छापावा लागतो. त्यांपैकी टार्ट्राझिन, सनसेट यलो, कार्मोझिन आणि पॉन्सो ४आर हे चार रंग आपल्याकडेही चालतात.

जुलाबावरची पेयं. हे माझ्या दृष्टीनं सर्वांत गंभीर. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राप्रमाणे खऱ्या ओआरएसमध्ये एक लिटर पाण्याला २.६ ग्रॅम मीठ, १.५ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड, २.९ ग्रॅम ट्रायसोडियम सायट्रेट आणि १३.५ ग्रॅम ग्लुकोज असतं. हे प्रमाण काटेकोर आहे, कारण आतड्यातून मीठ आणि पाणी आत जाण्यासाठी ग्लुकोज मोजकंच लागतं. साखर फार झाली तर ती उलट पाणी बाहेर खेचते आणि जुलाब वाढतात. असं असूनही वर्षानुवर्षं गोड पेयांच्या खोक्यांवर नावात ओआरएस ही अक्षरं छापली जात होती. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष यांनी याविरुद्ध आठ वर्षं झुंज दिली आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये प्राधिकरणानं पेयांच्या नावात ही अक्षरं वापरायला बंदी केली. तरीही मूल जुलाबानं मलूल पडलं असेल तर दुकानातलं गोड खोकं आणू नका. आरोग्य केंद्रातली किंवा आशाताईंकडची पुडी घ्या, आणि पुडीवर लिहिलं असेल तेवढ्याच पाण्यात ती कालवा.

स्क्वॅश, क्रश आणि फळांची सरबतं. ही टिकवण्यासाठी बेंझोएट किंवा सल्फाइट वापरतात. यांपैकी सल्फाइटनं आम्हाला धडा शिकवला.

चूक कुठं सापडली

पहिले दहा दिवस वही कोरी राहिली. म्हणजे काय खाल्लं-प्यायलं ते लिहिलेलं होतं, पण 'त्रास' या रकान्यात काही नव्हतं. मुलगी पुन्हा कबड्डी खेळू लागली. मी मनातल्या मनात दुकानातल्या बाटल्यांना दोषी ठरवून मोकळी झाले.

अकराव्या दिवशी रविवार होता. उपासनेनंतर पाहुणे आले होते. दुपारी बारा वाजता सगळ्यांना सरबत दिलं, आणि पाव तासाच्या आत ती मुलगी भिंतीला टेकून बसली. तीच घरघर. पंप दिला, तासाभरानं ती सावरली. वही उघडून मी मुलींना विचारलं, "हिला बाटलीतलं काय दिलंत?" सगळ्या एका सुरात म्हणाल्या, "काहीच नाही ताई. आपल्या घरचंच संत्र्याचं सरबत दिलं."

आपल्या घरचंच. कारंजा, आष्टी, आर्वी हा आपला संत्र्यांचा पट्टा. फेब्रुवारीत मृग बहाराची संत्री स्वस्त झाली तेव्हा आपल्या बचत गटाच्या बायकांनी स्क्वॅशच्या बाटल्या भरल्या होत्या. कृती मीच शिकवली होती. संत्र्याचा रस, साखर, सायट्रिक ॲसिड, आणि टिकावं म्हणून केएमएस, म्हणजे पोटॅशियम मेटाबायसल्फाइट. क्रमांक २२४. वर्ध्याहून त्याची पुडी मीच आणली होती. बाटलीवर आम्ही चिकटवलेल्या कागदावर लिहिलं होतं: 'शुद्ध घरगुती संत्रा स्क्वॅश'. बाकी काही नाही. दुकानातल्या बाटलीची मागची बाजू मला निदान वाचता तरी येत होती. आमच्या बाटलीला मागची बाजूच नव्हती.

मार्चमधल्या त्या तीन दिवसांची आठवण काढली. एकदा पाहुणे होते, एकदा वाढदिवस होता, एकदा गटाची सभा होती. तिन्ही दिवशी हेच सरबत.

डॉक्टरांनी समजावून सांगितलं ते असं. केएमएस आंबट रसात पडलं की त्यातून सल्फर डायऑक्साइड वायू सुटतो. तोच जंतूंना आणि बुरशीला रोखतो. पेला तोंडाशी नेला की त्यातला थोडा वायू श्वासाबरोबर आत जातो. धडधाकट माणसाला फार तर घशात किंचित झोंबतं. दम्याच्या रुग्णांपैकी थोड्यांच्या श्वासनलिका मात्र त्यानं आवळतात. दम्याच्या प्रत्येक रुग्णाला हे होत नाही, म्हणूनच ते लवकर लक्षात येत नाही.

पुढचा प्रश्न त्यांनी विचारला आणि मला उत्तर देताना मान वर करवेना. "किती घालता?" स्क्वॅशमध्ये सल्फर डायऑक्साइड दशलक्ष भागांत ३५० भागांपर्यंत चालतं. त्यासाठी एका लिटरला साधारण ०.६ ग्रॅम केएमएस पुरतं. चहाचा सपाट चमचा भरला तर त्यात पाचेक ग्रॅम मावतं, म्हणजे तो आठ लिटरना पुरावा. आम्ही पातेल्याला चमचा असा हिशोब ठेवला होता. पातेलं कधी पाच लिटरचं, कधी सहा लिटरचं, आणि 'टिकायला पाहिजे' म्हणून चमचा कधी शीग लावून. जास्त घातलं की जास्त टिकतं, या समजुतीनं आम्ही मुलांच्या पेल्यात काय ओतत होतो ते आम्हालाच माहीत नव्हतं.

खात्री करण्याचं काम डॉक्टरांनी घरी करू दिलं नाही. "दम्याच्या मुलाला संशयाचा पदार्थ पुन्हा द्यायचा तर तो हॉस्पिटलमध्ये, औषध हाताशी ठेवून," असं त्यांनी बजावलं. तिथं अगदी थोड्या प्रमाणापासून सुरुवात करून फुंकर मोजण्याच्या यंत्रावर तिचा श्वास पाहत गेले. सल्फाइट नसलेलं संत्र्याचं सरबत प्यायल्यावर काही झालं नाही. सल्फाइट असलेलं दिलं तेव्हा आकडा खाली आला आणि त्यांनी तिथंच थांबवलं. संत्रं निर्दोष होतं. हे कळणं तितकंच मोलाचं, नाहीतर आम्ही त्या मुलीला आयुष्यभर संत्रं नाकारलं असतं.

तिच्या आईला सांगायला मी वस्तीवर गेले. मला वाटलं होतं ती रागावेल. ती क्षणभर गप्प बसली आणि म्हणाली, "मी तं तवाच इचारलं होतं ताई." खरं होतं. तिला ना आकडे ठाऊक, ना रसायन, पण 'काय पाजता' हा बरोबर प्रश्न पहिल्यांदा तिनंच विचारला होता. मी त्याचं उत्तर हसण्यावारी नेलं होतं. तिची क्षमा मागूनच मी परतले.

आम्ही काय बदललं

मुलांसाठीचं सरबत आता ताज्या लिंबाचं, चिंचेचं किंवा अंबाडीच्या बोंडांचं असतं, त्याच दिवशी केलेलं आणि त्याच दिवशी संपवलेलं. ताक असतं, कैरीचं पन्हं असतं, आणि आठवड्यातून दोनदा ज्वारीची आंबील. घरगुती म्हणजे सर्वांना सोसेलच असं मी आता म्हणत नाही. कुणाला ताकही सोसणार नाही. पण त्यात काय आहे ते करणारीला माहीत असतं आणि विचारलं की ती सांगते.

बचत गटानं स्क्वॅश बंद केलेलं नाही. त्या बायकांच्या हाती त्यातून चार पैसे येतात, आणि मोजून वापरलेलं केएमएस कायद्याला धरूनच आहे. फरक एवढाच की आता ग्रॅममध्ये मोजणारा छोटा काटा आहे, केएमएस कोमट पाण्यात विरघळवून मग रसात मिसळतात, गटाची अन्न नोंदणी करून घेतली आहे, आणि प्रत्येक बाटलीवर घटक, तारीख आणि 'यात सल्फाइट आहे, दमा असलेल्यांनी सावध राहावं' हे वाक्य मराठीत आहे. पहिल्यांदा बायका घाबरल्या. "असं लिवलं तं कोण घेईल?" पहिल्या बाटल्या विकल्या गेल्या तेव्हा एका गिऱ्हाइकानं ते वाचून बाटली परत ठेवली. त्यांच्या घरी दम्याचा रुग्ण होता. गटाच्या अध्यक्षबाई म्हणाल्या, "एक बाटली गेली, पण एक माणूस वाचलं." त्यानंतर तो प्रश्न कुणी काढला नाही.

आपल्या वर्ध्यातच, मगनवाडीत, जे. सी. कुमारप्पा या ख्रिस्ती अर्थतज्ज्ञानं अखिल भारत ग्रामोद्योग संघाचं काम उभं केलं. १९३४ साली स्थापन झालेल्या त्या संघानं गावात बनलेल्या अन्नाची बाजू सतत मांडली. गावच्या वस्तूची ताकद मला आता अशी कळते की बनवणारा आणि खाणारा एकमेकांना ओळखतात. पण ओळख आहे म्हणून मोजायचं नाही, लिहायचं नाही, असं झालं तर ती ताकद वाया जाते. परक्याच्या बाटलीवर आपण जेवढा प्रामाणिकपणा मागतो, तेवढा आपल्या बाटलीवर आधी हवा.

आपल्याला विनंती

मुलांसाठी काही पाठवताना शक्य तर पेयांऐवजी लिंबं, गूळ, शेंगदाणे, डाळ किंवा अंडी पाठवा. बाटल्याच पाठवायच्या असतील तर लेबल फाडू नका, आणि मोठ्या डब्यातून सुटी पावडर पिशवीत बांधून देऊ नका. लेबल गेलं की आमच्या हातून तपासणी होऊ शकत नाही. एकाच नावाच्या पेयातले घटक कंपनी बदलू शकते, म्हणून आम्ही प्रत्येक वेळी नव्यानं वाचतो. मंडळीच्या कार्यक्रमात सरबत देणार असाल तर एका कागदावर त्यात काय आहे ते लिहून भांड्याशेजारी ठेवा. पाच मिनिटांचं काम आहे.

आणि आपल्याच घरात कुणाला काही सोसत नसेल तर आधी वही सुरू करा: वेळ, पदार्थ, प्रमाण, त्रास किती वेळानं. ती वही घेऊन डॉक्टरांकडे जा. ओठ-जीभ सुजली, श्वास अडला, मूल निस्तेज झालं, तर वही राहू द्या आणि ताबडतोब हॉस्पिटल गाठा.

खालचा तक्ता कापून स्वयंपाकघरात लावता येईल.

• १०२, ११०, १२२, १२४, १२७, १३३ – कृत्रिम रंग
• २०२ – पोटॅशियम सॉर्बेट; २११ – सोडियम बेंझोएट (पदार्थ टिकवण्यासाठी)
• २२० ते २२८ – सल्फाइट (दमा असलेल्यांनी विशेष पाहावं)
• ४२०, ९६५ – सॉर्बिटॉल, माल्टिटॉल (जास्त झाल्यास जुलाब)
• ९५१ – ॲस्पार्टेम
• माल्ट, जव, बांधानी हिंग – ग्लूटेन असू शकतं
• मिल्क सॉलिड्स, व्हे, केसिनेट – दूध
• ३३०, ३००, २९०, ४४० – यांना सहसा घाबरायचं कारण नाही

ती मुलगी आता सातवीत आहे. सुटीत गावी गेली की यात्रेतल्या दुकानातली बाटली ती आधी उलटी फिरवते आणि धाकट्या भावाला वाचून दाखवते. गावातल्या बाया तिच्याकडे पाकिटं घेऊन येतात, "पाय वो बाई, यात काय हाय?" तिच्यासाठी, आणि पातेल्याशी काटा घेऊन बसणाऱ्या आपल्या भगिनींसाठी प्रार्थनेत आठवण ठेवा.

आपली सेवेतील बहीण